आभासी संगणक सुरू होत नाही तेव्हा

आपल्या विद्यालयातील संगणक मोजके आहेत आणि विद्यार्थ्यांनी विन्डोज व लिनक्स या दोन्ही प्रणाली शिकाव्यात अशी आपली इच्छा आहे. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या आज्ञावलीच्या साहाय्याने एकाच संगणकात दुसरा, आभासी संगणक चालविता येतो. त्यात विद्यार्थ्यांच्या हातून काही बिघडले तरी मूळ प्रणाली सहसा सुरक्षित राहते. ही कल्पना नवी नव्हे. आयबीएम कंपनीने १९७२ साली व्हीएम/३७० ही प्रणाली याच तत्त्वावर आणली. एका महागड्या यंत्राचा उपयोग एकाच वेळी अनेकांना करता यावा, हा तिचा मोठा लाभ होता.

गतवर्षी नववीतील एका विद्यार्थिनीने आभासी संगणक सुरू करताच पडद्यावर इंग्रजीत त्रुटीची सूचना झळकली. आम्ही विचारले, "काय केलंस?" ती काही बोलली नाही, पुढे चार दिवस संगणक कक्षाकडे फिरकलीही नाही. शेतमजुराच्या घरातील मुलीला महाग वस्तू मोडण्याची केवढी धास्ती असते, हे आम्हांस उमगायला हवे होते. तपासाअंती आढळले की प्रोसेसरमधील एक सोय पहिल्यापासूनच बंद होती. मुलीचा काडीमात्र दोष नव्हता. म्हणून तपासाचा क्रम येथे देत आहोत.

पहिली पायरी, सूचना वाचावी व वहीत उतरून घ्यावी. आभासी संगणकाच्या नावावर उजवी कळ दाबून 'शो लॉग' निवडल्यास घडल्या प्रकाराची नोंद मिळते. इतिहासाच्या अभ्यासकाला अस्सल कागद जसा, तशी ही नोंद होय.

दुसरी, सूचनेत 'व्हीटी-एक्स' अथवा 'एएमडी-व्ही' हे शब्द असल्यास विन्डोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स विभागातील सीपीयू पाहावा. तेथे 'व्हर्च्युअलायझेशन डिसेबल्ड' असे दिसल्यास संगणक सुरू होताना एफ२, एफ१० किंवा डिलीट यांपैकी लागू असलेली कळ दाबून बायॉसमध्ये जावे, ती सोय सुरू करावी व बदल जतन करावा. आमच्याकडील दोष हाच होता.

तिसरी, सोय सुरू असूनही अडथळा येत असेल, तर विन्डोजचे स्वतःचे हायपर-व्ही तिचा ताबा घेऊन बसलेले असू शकते. त्याची गरज नसल्यास विन्डोज फीचर्समधून ते बंद करून संगणक पुन्हा सुरू करावा.

चौथी, स्मृती व जागा तपासावी. चार जीबी रॅमच्या संगणकात आभासी संगणकाला तीन जीबी दिल्यास मूळ प्रणालीचाच श्वास कोंडतो. एक ते दीड जीबी पुरे. आभासी डिस्कची फाइल वापरासोबत वाढत जाते, म्हणून हार्डडिस्कवर मोकळी जागा हवी. ती फाइल कोणी दुसऱ्या फोल्डरमध्ये हलविली असल्यास आभासी संगणकाला ती सापडत नाही.

पाचवी बाब आपल्या भागात विशेष महत्त्वाची. काम जतन होत असतानाच वीज गेली, तर जतन केलेली अवस्था बिघडते. अशा वेळी 'डिस्कार्ड सेव्ह्ड स्टेट' निवडावे. त्या क्षणी उघडे असलेले, न जतन केलेले काम जाते. डिस्कवरील फाइली राहतात.

या सर्व पायऱ्या होईपर्यंत आभासी संगणक काढून टाकू नये. काढताना 'डिलीट ऑल फाइल्स' निवडल्यास विद्यार्थ्यांचे काम कायमचे नष्ट होते.

पाचव्या दिवशी आम्ही त्या विद्यार्थिनीला बोलावून आमची चूक कबूल केली. बायॉसमधील ती सोय तिनेच आपल्या हाताने सुरू केली आणि पडद्यावर लिनक्स उघडले. लिनक्सचे धडे मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मराठीतही उपलब्ध आहेत. ती आता ते इतरांना दाखविते. माजी विद्यार्थ्यांना व पालकांना आमची एवढीच विनंती आहे की, घरी मुलांच्या हातून यंत्र अडले, तर "काय केलंस?" असे न विचारता "सूचनेत काय लिहिलं आहे?" असे विचारावे.