‘नेबो’ आणि ‘नभ’ : एका शब्दाचं हरवलेलं ‘स’



रशियन भाषेत आकाशाला ‘नेबो’ म्हणतात आणि त्याचं अनेकवचन होतं ‘नेबेसा’. मधला ‘स’ कुठून आला? “अपवाद आहे, पाठ कर,” असं सांगून आपण मोकळे होऊ शकतो. पण कारण शोधलं तर मुलाला पाठ करावं लागत नाही.

मूळ शब्द
रशियन, पोलिश, चेक या भाषांची आई म्हणजे आदिस्लाव्ह. तिचं लिखित साहित्य नाही. अभ्यासकांनी लेकीभाषांची तुलना करून तिचे शब्द पुन्हा उभे केले, म्हणून असे शब्द *नेबो असे तारांकित लिहितात. हा शब्द त्याहून जुन्या *नेभोस् पासून आला. त्याचा अर्थ ‘ढग’. ग्रीक ‘नेफोस’ (ढग), लॅटिन ‘नेब्युला’ (धुकं) आणि आपलं संस्कृत ‘नभस्’ ही त्याचीच भावंडं. संस्कृतात जुने ए-ओ मिळून ‘अ’ झाले. स्लाव्हमध्ये ‘भ’चा ‘ब’ झाला.

रूपं कशी चालतात?
- प्रथमा एकवचन : नेबो
- षष्ठी एकवचन : नेबेसे (संस्कृत : नभसः)
- चतुर्थी एकवचन : नेबेसि (संस्कृत : नभसे)
- प्रथमा अनेकवचन : नेबेसा

आदिस्लाव्हमध्ये शब्दाच्या शेवटची व्यंजनं गळाली. त्यामुळे प्रथमेत ‘स्’ गेला. पुढे प्रत्यय असला की तो दोन स्वरांच्या मध्ये सुरक्षित राहिला. आपल्या सामान्यरूपासारखंच समजा: ‘पाणी’ला प्रत्यय लागताना ‘पाण्या-’ होतं, तसं ‘नेबो’चं ‘नेबेस-’. पुढे रशियनने एकवचनात सोपं ‘नेबा’ हे षष्ठीरूप घेतलं. जुना ‘स’ अनेकवचनात तेवढा उरला.

वर्गात काय कराल?
मराठीतही हा ‘स्’ लपलेला आहे. फळ्यावर ‘मन’ लिहा. शेजारी ‘मनस्ताप’ आणि ‘मनोरथ’ लिहा. मूळ शब्द ‘मनस्’. ‘मनस्ताप’मध्ये ‘स्’ टिकला. ‘मनोरथ’मध्ये विसर्गसंधी होऊन ‘ओ’ आला. मग विचारा, ‘नभोवाणी’त ‘ओ’ का? थोडा वेळ द्या, उत्तर मुलंच देतील.

घरी पालकांनीही हे करून पाहावं. मुलाने “असं का?” विचारलं, तर “नियमच आहे तसा” म्हणून विषय संपवू नका. व्याकरणातला अपवाद हा बऱ्याचदा जुन्या नियमाचा उरलेला तुकडा असतो. तो शोधायची गोडी लागली की व्याकरणाची भीती आपोआप कमी होते.