शिष्यत्व आणि घर

मार्ककृत शुभवर्तमान शिकवीत असतां वर्गांतील एका विद्यार्थ्यानें मला विचारिलें, "प्रभूचा शिष्य व्हावयाचें, तर आईबापांना सोडावें लागतें काय?" हें वार्षिक ज्या पालकांच्या हातीं जाईल, त्यांच्याही मनांत हा प्रश्न असण्याचा संभव आहे, म्हणून त्याचें उत्तर येथें देतों.

हें शुभवर्तमान इ. स. ७० च्या सुमारास लिहिलें गेलें, असें बहुतेक विद्वान मानतात. त्याच्या पहिल्याच अध्यायांत येशू गालील समुद्राच्या कांठीं चार कोळ्यांना बोलावितो. त्यांपैकीं याकोब व योहान हे आपला बाप जब्दी याला मजुरांसह तारवांत सोडून निघतात. तिसऱ्या अध्यायांत तर खुद्द येशूचेच आप्त त्याला भ्रम झाला असें समजून धरून नेण्यास येतात. आई व भाऊ बाहेर उभे असतां, देवाची इच्छा पाळणारे तेच माझें कुटुंब, अशा अर्थाचें उत्तर तो देतो.

एवढेंच वाचून जो थांबेल, त्याचा मात्र गैरसमज होईल. जाळीं टाकून निघालेला शिमोन प्रभूला कफर्णहूमांतील आपल्याच घरीं नेतो. तेथें त्याची सासू तापानें पडलेली असते. प्रभु तिला हात धरून उठवितो. सातवा अध्याय तर अवश्य वाचावा. आपली मिळकत 'कुर्बान', म्हणजे देवास अर्पण केलेली आहे, असें म्हणून आईबापांस कांहीं न देण्याची सोय परूशी व शास्त्री यांनीं ठेविली होती. तिचा येशूनें कडक शब्दांत निषेध केला, आणि आईबापांचा मान राखण्याविषयीं मोशेच्या द्वारें झालेल्या आज्ञेचें त्यांना स्मरण दिलें.

तर मग या दोहोंचा मेळ कसा घालावा? देवाची इच्छा आईबापांच्या इच्छेहून श्रेष्ठ, असें येशू शिकवितो. पण माझी इच्छा त्यांच्या इच्छेहून श्रेष्ठ, असें तो कोठेंही शिकवीत नाहीं. प्रार्थनेचें निमित्त सांगून घरचें पाणी भरणें टाळणारा मुलगा शिष्य नव्हे. तो कुर्बान म्हणणाऱ्यांचाच सोबती होय. घर सोडण्यापूर्वीं ही हांक देवाची कीं आपल्या आळसाची, हें प्रत्येकानें प्रामाणिकपणें तपासावें.

पालकांसही एक नम्र विनंति आहे. मुलगा किंवा मुलगी सत्यासाठीं निराळी वाट धरूं लागली, तर तिला लागलीच वेड लागलें असें म्हणूं नये. त्या दिवशीं बाहेर उभे असलेले ते आई व भाऊ पुढें यरुशलेमेंत शिष्यांबरोबर प्रार्थना करीत असल्याचें प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्या अध्यायांत सांगितलें आहे; आणि भाऊ याकोब याला पौल तेथील मंडळीचा आधारस्तंभ म्हणून ओळखतो. येशूनें घराचें दार बंद केलें नव्हतें; तें त्यानें अधिक रुंद केलें होतें.