रीत एकीकडे, आकडे दुसरीकडे

आपल्या न्यासाच्या शिष्यवृत्तीचे अर्ज अलीकडे संगणकावर तपासले जातात, हे सभासदांस ठाऊक आहेच. तपासणीची स्क्रिप्ट पायथन भाषेत आहे. आरंभी उत्पन्नाची मर्यादा आम्ही स्क्रिप्टमध्येच लिहिली होती. मर्यादा बदलली की जाणकाराला बोलवावे लागे, आणि एखादे चिन्ह चुकून पुसले गेले की सारे काम अडे. म्हणून बदलणारे आकडे आम्ही साध्या मजकुराच्या वेगळ्या फाईलमध्ये नेले. आता चिटणीसही ते बदलू शकतात.

त्या फाईलचे स्वरूप असे :

[शिष्यवृत्ती]
# वार्षिक उत्पन्न, रुपयांत
उत्पन्नमर्यादा = १५००००
रक्कम = ५०००

कंसातील शब्द हे विभागाचे नाव. # ने आरंभ होणारी ओळ केवळ टीप. ती सोडून दिली जाते. अशी फाईल वाचण्यासाठी पायथनमध्ये ‘कॉन्फिगपार्सर’ हे साधन आयते मिळते. देवनागरी मजकूर असल्यास वाचताना ‘यूटीएफ-८’ सांगावे.

परंतु पहिल्याच वर्षी ९०,००० रुपये उत्पन्न असलेल्या घरातील एका मुलीचे नाव यादीतून गळाले. शेरा होता, ‘उत्पन्न मर्यादेपेक्षा अधिक’! चिटणीसांनी यादी हाताने पडताळली म्हणून बरे. नाहीतर त्या मुलीचे वर्ष अडचणीत गेले असते.

असे का व्हावे? फाईलमधून येते ते सारे अक्षररूपाने येते. मर्यादा अक्षररूप, अर्जाच्या फाईलमधील उत्पन्नही अक्षररूप. अशा दोहोंची तुलना शब्दकोशातील शब्दांप्रमाणे पहिल्या अक्षरापासून होते. ‘१’ नंतर ‘९’ येतो, म्हणून ९०००० हे १५०००० पेक्षा मोठे ठरले. उपाय सोपा आहे : मर्यादा ‘गेटइंट’ने वाचावी आणि उत्पन्न ‘इंट’ने संख्येत बदलावे. देवनागरी अंक पायथनला चालतात. मात्र १,५०,००० असा स्वल्पविराम घातल्यास स्क्रिप्ट तक्रार करून थांबते. ते थांबणे हिताचेच. मुकाट्याने झालेली चूक अधिक घातक.

तशीच एक मुकी चूक आणखी आहे. फाईल जागेवर नसली तरी ‘रीड’ तक्रार करीत नाही. त्यातच ‘फॉलबॅक’ म्हणून जुना आकडा दिलेला असेल, तर गेल्या वर्षीच्या मर्यादेने यादी तयार होते आणि कोणाला पत्ताही लागत नाही. ‘रीड’ वाचलेल्या फाईलींची नावे परत देते. ती यादी रिकामी असल्यास तेथेच थांबावे.

आता आमची स्क्रिप्ट आरंभीच वाचलेली मर्यादा व रक्कम पडद्यावर दाखवते. मंडळाच्या ठरावाशी ती ताडून पाहिल्यावरच आम्ही पुढे जातो. आकडे वेगळे ठेवल्याने काम सोपे झाले, पण ते पडताळण्याची जबाबदारी आपल्यावरच राहते. कारण त्या प्रत्येक ओळीमागे कोणा मुलाचे शिक्षण उभे असते.