फिटची गोळी, वाढलेलं वजन आणि मोबाईलवरचा सल्ला



माझ्या वर्गातल्या चौथीच्या एका मुलीला परिपाठाच्या वेळी फिट आली. त्याआधी दोन वर्षं तिला काही त्रास नव्हता. आईला बोलावलं तेव्हा कळलं, आठ दिवसांपासून गोळी बंद होती. गोळी सुरू झाल्यापासून वजन वाढलं, मुलं 'जाडी' म्हणून चिडवायची (माझ्याच वर्गात चाललेलं मला कळलं नाही, हे आधी कबूल करते) आणि मोबाईलवर कुणीतरी सांगितलं होतं की या गोळ्यांनी वजन वाढतं, सोडून द्या.

यातलं अर्धं खरं आहे, म्हणून तर माणूस फसतो. सोडियम व्हॅल्प्रोएट या औषधाने भूक आणि वजन वाढू शकतं. पण फिटच्या सगळ्याच औषधांचं तसं नाही. टोपिरामेटने उलट भूक कमी होते. म्हणजे डॉक्टरांकडे औषध किंवा डोस बदलायचा मार्ग असतो. तो हळूहळू, त्यांच्या देखरेखीखाली. गोळी एकदम बंद केली तर फिट परत येते, कधी एकामागून एक येत राहतात आणि ते जिवावर बेतू शकतं.

किटो आहाराचंही तसंच. औषधांना दाद न देणाऱ्या फिटसाठी काही मुलांना तो खरंच देतात, 1920 च्या दशकापासून देतात. पण रक्ततपासणी करून, ग्रॅममध्ये मोजून. व्हिडिओ बघून भात-भाकरी बंद करणं म्हणजे तो उपचार नव्हे. उपाशी राहणं, जागरण यानेही फिट येऊ शकते. वाढत्या मुलाचं वजन बऱ्याचदा उतरवावं लागतच नाही. ते आहे तिथे राहिलं आणि उंची वाढली तरी पुरतं. किती, ते डॉक्टर ठरवतील.

मग ऑनलाइन विचारायचंच नाही का? विचारा की! पण माणूस बघून. सरकारच्या ई-संजीवनी सेवेत डॉक्टरांशी मोफत बोलता येतं. 2020 च्या टेलिमेडिसीन नियमांप्रमाणे असा सल्ला नोंदणीकृत डॉक्टरच देऊ शकतात, चिठ्ठीवर त्यांचा नोंदणी क्रमांक हवा आणि मुलाबरोबर मोठं माणूस हवं. बोलताना गोळीचं नाव, डोस, वजन, शेवटची फिट कधी आली हे कागदावर लिहून जवळ ठेवा. जमलं तर फिटचा व्हिडिओ दाखवा, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

प्रत्यक्ष फिट चालू असताना मात्र मोबाईल सल्ल्यासाठी नाही, घड्याळ बघायला. मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, दप्तर-बाक बाजूला करा. कांदा, चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका, पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी पाजू नका. पाच मिनिटांत थांबली नाही, लगेच दुसरी आली, श्वासाला त्रास वाटला किंवा ही पहिलीच फिट असेल तर 108 लावा.

त्या मुलीची गोळी डॉक्टरांनी पुन्हा सुरू केली, आता बदलायचं बघतायत. डब्यातली बिस्किटं जाऊन भाकरी-उसळ आली. सुट्टीत ती लंगडी खेळते, मी जवळ उभी असते. वजन महिन्यातून एकदा बघतो, ऑफिसात दार लोटून, वर्गासमोर नाही.