रुग्ण किती चालतो? उपग्रह-यंत्राने करावयाची मोजणी

प्रमेही रुग्णास ‘रोज किती चालता?’ असे विचारले असता छत्रपती संभाजीनगरात बहुधा ‘हिमायतबागेत दोन फेऱ्या’ किंवा ‘मकबऱ्यापर्यंत जाऊन येतो’ असे उत्तर मिळते. ते खोटे नसते. पण त्यावरून व्यायामाची मात्रा ठरविता येत नाही. औषध गुंजेत मोजणाऱ्या आपण वैद्यांनी चालणे मात्र अंदाजाने मोजावे, ही विसंगतीच होय. सुश्रुतांनी चिकित्सास्थानाच्या ११ व्या अध्यायात निर्धन प्रमेह्यास शंभर योजने चालावयास सांगितले, तेही अंतराचा आकडा देऊन. (तेथील अनवाणी चालण्याचा उपदेश पाय बधिर झालेल्या मधुमेह्यास मात्र करू नये.)

मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम मिसळलेली अशुद्धता काढून टाकली आणि शंभर मीटरपर्यंतची चूक मोकळ्या आकाशाखाली सुमारे दहा मीटरवर आली. त्यानंतर स्वस्त यंत्रेही चालणे मोजण्याइतकी विश्वसनीय ठरली; आज हे साधन बहुतेकांच्या मोबाइलमध्येच असते. २००८ साली फ्रान्समधील वैद्यकीय संशोधकांनी ‘सर्क्युलेशन’ नियतकालिकात पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या रुग्णांचे चालणे जीपीएसने मोजण्याची पद्धत मांडली. अशा रुग्णाची पोटरी चालताना दुखते व थांबल्यावर काही मिनिटांत दुखणे शमते. म्हणून येथे एकूण अंतरापेक्षा पहिल्या थांब्यापूर्वीचे अंतर अधिक बोलके असते.

मोजणीस मोकळे, सपाट मैदान निवडावे. गुलमंडीच्या गल्ल्यांत संकेत भिंतींवर आदळून परततात. हिमायतबागेची दाट सावलीही यंत्रास मानवत नाही. आरंभी दोन-तीन मिनिटे स्थिर उभे राहून उपग्रह सापडू द्यावेत, नोंद दर सेकंदाची ठेवावी, यंत्र खिशात न ठेवता खांद्यावर बांधावे. रुग्णाने नेहमीच्या चालीने चालावे. वेदनेने थांबणे भाग पडल्यास उभेच राहावे व ती शमल्यावर पुन्हा निघावे. उभ्या माणसाचा बिंदूही नकाशावर भटकत राहतो आणि खोटे अंतर वाढवितो. यास्तव थांबा वेगावरून ओळखावा. तरीही थांबण्याचे कारण रुग्णासच विचारावे लागते. वाटेत व्याही भेटला, तरी आलेखावर तो वेदनेसारखाच दिसतो!

आमच्या मते या पद्धतीचा खरा उपयोग गृध्रसीच्या विचारात आहे. कमरेतील नाडीवरील दाबाचे दुखणे बसल्याने वा पुढे वाकल्याने हलके होते. धमनीचे दुखणे नुसते उभे राहिल्यानेही थांबते. हा भेद न पाहता महिनोन्‌महिने कटिबस्ती व तैल चालू राहिले, तर पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. म्हणून मोजणीपूर्वी दोन्ही पावलांवरील नाडी अवश्य चाचपावी. बसल्याजागी वेदना, थंड पाऊल वा न भरणारा व्रण असल्यास चालविण्याचा हट्ट न धरता रक्तवाहिनीतज्ज्ञाकडे तत्काळ पाठवावे. औषधालयाच्या चालकांनीही पोटरीसाठी वारंवार तेल नेणाऱ्या गिऱ्हाइकास ‘किती चालल्यावर दुखते आणि उभे राहिल्यावर थांबते का?’ एवढे विचारून त्यास वैद्याकडे धाडावे.

नोंदीत रुग्णाचे घर व येण्याजाण्याच्या वेळाही उमटतात. ती त्याच्या संमतीनेच घ्यावी आणि अंतर व थांबे टिपून झाल्यावर पुसून टाकावी.