जुना डेस्कटॉप सुधारताना आधी काय बदलावे?

प्रश्न : सहाव्या पिढीचा कोअर आय-५, ८ जीबी रॅम आणि हार्ड डिस्क असलेला संगणक मंद चालतो. मध्यम खर्चात कोणते भाग बदलावेत? – एक वाचक, किनवट

उत्तर : मंदपणाचे मुख्य कारण बहुधा हार्ड डिस्क असते. ती सेकंदाला साधारण १५० एमबी माहिती वाचते. साटा एसएसडी सुमारे ५५० एमबी. म्हणून पहिला खर्च एसएसडीवर करावा आणि जुनी डिस्क साठवणीसाठी ठेवावी. त्यानंतर रॅम १६ जीबी करावी. या पिढीच्या मदरबोर्डांवर डीडीआर३ किंवा डीडीआर४ रॅम असते आणि एकीच्या खाचेत दुसरी बसत नाही. त्यामुळे नांदेड किंवा आदिलाबादच्या बाजारात जाताना जुनी पट्टी सोबत न्यावी.

ग्राफिक्स कार्ड गेम किंवा व्हिडिओ संपादनासाठीच घ्यावे. त्याआधी एसएमपीएसची क्षमता तपासावी. वीज वारंवार जात असल्यास यूपीएस आवश्यक. उन्हाळ्यापूर्वी पंख्यांवरची धूळ काढून प्रोसेसरची थर्मल पेस्ट बदलावी.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो आणि तो या मदरबोर्डवर चालत नाही. विंडोज ११ हवे असल्यास प्रोसेसर, मदरबोर्ड व बहुधा रॅम एकत्र बदलावी; एसएसडी नव्या संगणकातही वापरता येते.