घरच्यांविषयी बोलायचे, तेही घरातूनच?

प्रश्न : लहानपणच्या मारहाणीच्या आठवणी आजही छळतात. ऑनलाइन समुपदेशनाने खरेच फरक पडेल?

उत्तर : पडू शकतो. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेची २०१८ची मार्गदर्शिका आघातोत्तर त्रासासाठी तज्ज्ञाच्या मदतीने संगणकावरून घेतलेले उपचार हा पर्याय मानते. मात्र लक्षणे फार तीव्र नसतील आणि जिवाला धोका नसेल तरच. पडद्यावरून विश्वास कसा बसणार, ही शंका रास्त आहे. पण विश्वास बसतो तो तज्ज्ञाच्या सातत्याने. खरी अडचण भिंतींची. ज्यांच्याविषयी बोलायचे तेच शेजारच्या खोलीत असले, तर जीभ रेटत नाही. म्हणून घर रिकामे असतानाची वेळ घ्या. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणी विचारा (यात संकोच कसला?). पहिल्याच सत्रात सगळे उकरू पाहणारा टाळा. जीव द्यावासा वाटला, तर पुढच्या सत्रापर्यंत थांबू नका. ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ वर लगेच फोन करा.